आपले नाव आपण सांगायचे

नावाची किंमत काय असते हे मराठवाड्यातल्या बौद्ध माणसाला कोणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे गेले. पुढे १९९३ साली नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा सोळा वर्षे होत आली होती. आपला हिंगोली भाग त्या वेळी परभणी जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. ज्यांनी तो काळ पाहिला ती कळमनुरी-वसमतकडची म्हातारी माणसे आजही नामांतर म्हटले की आवाज खाली आणून बोलतात.

त्याच्याही आधीची गोष्ट घ्या. आमच्या आज्या-पणज्यांची नावे गाव ठेवत असे. धोंड्या, कचऱ्या, दगडू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आम्ही आमच्या लेकरांची नावे सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, यशोधरा अशी ठेवली आणि गाव हसले. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर केंद्राच्या सवलती जात होत्या. त्या बौद्धांना मिळाव्यात असा कायदा १९९० साली झाला. मधली चौतीस वर्षे तोटा सोसूनही आमच्यातल्या कित्येकांनी 'बौद्ध'च लिहिले. मी कोण आहे हे मी सांगेन, पाटलाने किंवा तलाठ्याने सांगायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता हाच समाज, हीच आमची घरे. आणि अशाच एखाद्या घरात लेकरू सांगते की तुम्ही ठेवलेले नाव माझे नाही, तुम्ही समजता तो मुलगा मी नाही, किंवा ती मुलगी मी नाही. तेव्हा आमचे कान अचानक बहिरे होतात. त्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे.

कौटुंबिक पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आम्ही एक जुना खटला आठवून देतो. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे देत. त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण ज्या विषयाने लोकांची झोप जाते त्यावर शास्त्राला धरून बोलणे म्हणजे चावटपणा नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी भर कोर्टात घेतली. तेव्हा आमच्या पानाने लाजण्याचे कारण नाही.

मराठी भाषेची गंमत अशी की तिच्यात क्रियापदच माणसाचे गुपित फोडते. इंग्रजी बोलणारे लेकरू बारा वर्षे काही न सांगता राहू शकेल. आमच्या लेकराला दारातून बाहेर पडताना 'जातो' की 'जाते' म्हणायचे ते ठरवावे लागते. आईला पहिली शंका येते ती बहुधा इथेच. पोरगा आरशासमोर हळूच 'मी येते' म्हणतो. ती रागावते, मग घाबरते, मग नवऱ्यापासून लपवते. (कोल्हापूरकडच्या बाया सर्रास 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि तिकडे त्यावरून कोणाची मान खाली जात नाही, हे या मायमाउलीला कोणीतरी सांगावे.) एकदा 'येते' म्हटले म्हणून लेकरू तृतीयपंथी ठरत नाही. पोरे खेळात साडी नेसतात, पोरी शर्ट घालून झाडावर चढतात आणि पुढे विसरून जातात. पण जे लेकरू वर्षानुवर्षे तेच सांगते, मार खाऊनही तेच सांगते, त्याचे म्हणणे वेगळे आहे. घाई कोणतीच नको, त्याला गप्प बसवण्याची नको आणि त्याच्यावर शिक्का मारण्याचीही नको.

या विषयात तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. शरीर जन्मतः कसे आहे ही एक गोष्ट. आपण आतून स्वतःला कोण समजतो ही दुसरी. आणि जीव कोणावर जडतो ही तिसरी. या तिन्ही एकमेकींच्या मागे आपोआप चालत येत नाहीत. बीड जिल्ह्यातले उदाहरण घ्या. माजलगावच्या पोलीस खात्यात ललिता साळवे नावाची महिला शिपाई होती. तपासण्यांत पुरुषाचे गुणसूत्र आढळले. २०१७ साली तिने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने नाकारली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ च्या मे महिन्यात शासनाने परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून नोकरीत राहिले, २०२० साली त्यांचे लग्न झाले आणि २०२४ च्या जानेवारीत ते बाप झाले. आता लोक त्यांनाही तृतीयपंथी म्हणतात. ते स्वतःला पुरुष म्हणतात. प्रश्न सुटतो तो त्यांनाच विचारल्यावर, पारावर चर्चा करून नाही.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांशिवाय 'इतर' अशी नोंद देशात ४,८७,८०३ माणसांची झाली, त्यात महाराष्ट्रातली ४०,८९१. देशातल्या त्या आकड्यात अनुसूचित जातींची माणसे ७८,८११ होती. म्हणजे हा मोठ्या शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा चोचला आहे, आपल्यात असले काही नसते, हे म्हणणे टिकत नाही. त्याच नोंदीत सहा वर्षांच्या आतली ५४,८५४ मुले होती. ती नोंद त्या मुलांनी दिली नव्हती, घरच्या मोठ्या माणसांनी दिली होती.

पण घरात बोलणे कसे होते? खरे तर होतच नाही. एक बाजू ओरडते आणि दुसरी निघून जाते. ओरडणाऱ्यांची म्हणणी आम्ही पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती सगळी मूर्खपणाची नाहीत. आजी म्हणते, लेकराला बाहेरचे झाले असेल, दाखवून आणा. बाप म्हणतो, आधीच गाव आपल्याला नावे ठेवते, त्यात ही भर कशाला. विहारात नेमाने येणारे आबा म्हणतात, विनयात अशांना जागा नाही. महिला मंडळातली अक्का म्हणते, आमचे बाईचे प्रश्न अजून सुटले नाहीत, हागणदारीपासून मजुरीपर्यंत, त्यात हे नवे कुठून आले. आणि पुण्याला शिकायला गेलेला भाचा सुट्टीत येऊन या सर्वांना प्रतिगामी ठरवून मोकळा होतो. तो तोंडाने समता बोलतो, पण आजीला समजेल असा एक शब्द वापरत नाही. आजी अडाणी नाही. तिने सोयाबीन सोंगून, वीटभट्टीवर राबून त्याची फी भरलेली असते. तिच्याशी तिच्या बोलीत बोलता येत नसेल तर त्या समतेचा अभ्यास अजून कच्चा आहे.

आजीची शंका आधी घेऊ, कारण तिच्यातून मार बसतो. बाहेरचे, करणी, भानामती यांना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच निरोप दिला आहे आणि २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही राज्यात आहे. डॉक्टरी इलाज करून पोराला 'नीट' करू म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहावे. असे 'बदलण्याचे' उपचार करणे हे गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितले आहे. तिसरा इलाज म्हणजे लग्न लावून देणे. त्याने दुसऱ्याच्या लेकीचेही आयुष्य नासते, यावर अधिक काय लिहावे.

आबांचे म्हणणे मात्र सविस्तर पाहू, कारण ते धम्माचे नाव घेऊन बोलतात आणि अर्धे खरे बोलतात. महावग्गात पण्डक आणि उभयलिंगी व्यक्तीला उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. तो नाही असे सांगणे खोटेपणा ठरेल. परंतु त्याच विनयपिटकात, पाराजिकाच्या भागात, दुसरी नोंद आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीचे लक्षण प्रकट झाले. भिक्खू गोंधळले, तथागतांकडे गेले. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढले नाही, प्रायश्चित्तही सांगितले नाही. त्याची उपसंपदा तीच, उपाध्याय तेच, झालेले वर्षावास तितकेच धरायचे आणि आता त्याने भिक्खुणींमध्ये राहायचे, असा निर्णय दिला. भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषाचे लक्षण आले तरी नियम तोच, फक्त उलट. वर्षावास तितकेच धरायचे, या अटीकडे आमच्या उपासकांनी लक्ष द्यावे. माणूस बदलला तरी त्याचा मागचा हिशोब पुसायचा नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. महाकच्चान थेरांना पाहून त्याच्या मनात अनुचित विचार आला आणि तो स्त्री झाला, अशी ती कथा. ती तक्षशिलेला गेली, तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. आधी पुरुष असताना दोन झालेली होती. पुढे थेरांची क्षमा मागून सोरेय्य पुन्हा पुरुष झाला, संघात आला आणि अर्हत झाला. लोक त्याला विचारत, कोणती मुले अधिक लाडकी? तो आधी म्हणे, पोटातून जन्मलेली. अर्हत झाल्यावर म्हणाला, आता असा भेद उरला नाही. या कथेत लिंगबदल ही शिक्षा म्हणून येते, हे आम्हाला पटत नाही आणि तसे आम्ही म्हणतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये कसोटी दिली आहे ती हीच, जे बुद्धीला पटत नाही आणि माणसाच्या हिताचे नाही ते बुद्धवचन मानू नये. ती कसोटी महावग्गातल्या मनाईलाही लावावी लागेल. भिक्खुसंघाने काय करायचे ते संघ पाहील. पण विहारात येऊन त्रिशरण-पंचशील घेणाऱ्याला दारात अडवायला त्या नियमाचा आधार नाही.

याहून अवघड आहे तो देवीचा प्रश्न. आमच्या भागात तृतीयपंथीयांचे गुरू-चेल्यांचे घराणे चालते. तिथे यल्लम्मा आहे, बहुचरा माता आहे, माहूरची रेणुका आहे. जोगवा, भंडारा, आशीर्वाद देऊन पैसे घेणे आहे. हिंगोली डेक्कनहून रेल्वेत बसले की टाळी वाजवत डब्यात येणारी माणसे आम्ही पाहतो, आणि आमचा चळवळीतला कार्यकर्ता नाक मुरडून म्हणतो, हे लोक अंधश्रद्धेत रुतलेले, यांचा आपला काय संबंध. संबंध असा आहे. ज्या लेकराला घराने हाकलले त्याला रात्री झोपायला जागा कोणी दिली? गुरूने दिली. भाकर कोणी दिली? तिनेच. आणि ज्या घरात भाकर त्या घरातला देव. आमच्या विहाराचे दार उघडे असते, आमच्या घराचे असते, तर त्यातली किती लेकरे देवीच्या दारात गेली असती?

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, वाघ्या-मुरळी यांची सभा झाली. बाबासाहेबांनी त्यांना परखड सांगितले की हे मानहानीचे जिणे सोडा. पण ते त्यांच्याविषयी बोलले नाहीत, त्यांच्याशी बोलले. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. गुरूच्या घराण्यातही छळ असतो, पैशाची ओढाताण असते, जातही असते. ते झाकण्याचे कारण नाही. त्यावर बोलायचे तर आधी समोर बसावे लागेल. वंचित बहुजन आघाडीने २०१९ साली कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रदेश प्रवक्ता केले आणि २०२४ मध्ये रावेर विधानसभेसाठी शमिभा पाटील यांचे नाव जाहीर केले, तेव्हा व्यासपीठावर ही माणसे आली. वस्तीत ती अजून यायची आहेत.

शेजारी वारकरी असला, मुसलमान असला तरी हा विषय बोलता येतो, फक्त त्याच्या घरच्या शब्दांत बोलावे लागते. नर्सी हे नामदेवांचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. विठ्ठलाला माउली आणि विठाबाई म्हणणाऱ्या वारकऱ्याला, पुरुषात आई दिसू शकते, हे नव्याने शिकवावे लागत नाही. आम्ही विठ्ठल मानत नाही, तो आमचे विचार मानत नाही. म्हणून एका लेकराबद्दल बोलायचेच नाही असे कुठे ठरले आहे? ज्या नेपाळात लुंबिनी आहे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच तिसऱ्या ओळखीला मान्यता दिली. तो देश बहुतांशी हिंदू आहे.

अक्काच्या प्रश्नाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. शौचालय, वसतिगृह, खेळाच्या स्पर्धा यांत कोणाची सोय कशी लावायची यावर चांगल्या चांगल्यांत मतभेद आहेत आणि ते राहतील. ते मांडणाऱ्या बाईला लगेच शत्रू ठरवू नये. मात्र तिलाही एक विचारावे. जो पोरगा 'बायकी' म्हणून शाळेत मार खातो, तो बाईपणाच्याच तिरस्काराने मार खातो ना? मग ही लढाई तिच्या लढाईपासून फार लांबची नाही. चर्चा कितीही चालो. भाकर, अंथरूण आणि मारहाण या तीन गोष्टी चर्चेत ठेवायच्या नाहीत. ते आधी मान्य, मग मतभेद.

कायद्याचे थोडक्यात. हैदराबाद संस्थानात १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तृतीयपंथीयांची नावे सरकारी नोंदवहीत घालणारा आणि स्त्रीवेशात रस्त्यावर दिसले तर विनावॉरंट अटक करू देणारा कायदा झाला होता. १९४८ पर्यंत आपण त्याच संस्थानात होतो. तेलंगणात तो कागदावर इतका टिकला की तिथल्या उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवावा लागला. १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. आणि २०१९ साली संसदेने जो कायदा केला तो राज्यसभेत संमत झाला २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी. त्यात ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज ठेवला, म्हणून पुष्कळ तृतीयपंथीयांनीच त्याला विरोध केला. मी कोण हे साहेबाने का ठरवायचे, हा त्यांचा सवाल होता. आम्हाला तो ओळखीचा वाटला. त्याच कायद्यात, तृतीयपंथी आहे एवढ्या कारणावरून मुलाला आईबापांपासून वेगळे करता येणार नाही आणि त्याला घरात राहण्याचा हक्क आहे, असेही कलम घातले गेले. कायद्याची कलमे आणि नियम बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात ताजी माहिती घ्यावी.

एक गोष्ट मात्र सध्याच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजण्यास सांगितले. मग बौद्ध घरातल्या तृतीयपंथीयाने अनुसूचित जातीची सवलत सोडून तिकडे जायचे का? म्हणून ग्रेस बानू यांच्यासारख्या तामिळनाडूतल्या दलित कार्यकर्त्या समांतर आरक्षण मागत आल्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत तृतीयपंथीयांचा वाटा. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत असा एक टक्का ठेवला. ही मागणी आमच्या चळवळीने आपली मानायला हवी, कारण दोन्ही दाखले एकाच माणसाच्या हातात असतात.

आणि इथे घराचा प्रश्न पुन्हा येतो. जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. वैधता प्रमाणपत्राला बापाचे, चुलत्याचे, आजोबाचे शाळेचे उतारे लागतात. घरातून निघून गेलेल्या लेकराकडे यातले काही नसते. ते कागद कपाटात, पत्र्याच्या पेटीत, आजोबांच्या फोटोमागे ठेवलेले असतात. बाप बोलत नसेल तर त्या लेकराचे लिंगाचे ओळखपत्र निघेलही, जातीचे निघणार नाही. आणि बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कातून ते आमच्याच हाताने बाद होईल. ज्यांच्या घरातले असे कोणी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला निघून गेले आहे, त्यांनी निदान आजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याची आणि बापाच्या दाखल्याची एकेक साक्षांकित प्रत काढून मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवावी. आत्याचा फोन त्याच्याकडे बहुधा असतोच.